झबल्याची नाडी

३ मार्च, सोमवार

पडद्यांचं काम मिळालं. मास्तर स्वतः दुकानात आले. म्युझियमच्या नव्या खोलीत ऊन थेट भिंतीवर येतं, जुनी जाळी विरत चाललीत, म्हणून जाड पडदे हवेत.

मास्तर म्हणजे शाळेतले भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या माळ्यांवरची अडगळ मागून आणतात आणि तळ्याकाठच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात मांडतात. त्याचं नाव मासेमारीचं म्युझियम. आजवर मी आत पाऊल टाकलं नव्हतं. दुपारी टेप घेऊन गेले. वल्ही, गळ, टोपल्या, कंदील, एक अर्धी कापलेली नाव. प्रत्येकाखाली चिठ्ठी आणि 'हात लावू नये'. हसूच आलं — आमच्या घरात हे सगळं पायात यायचं, आणि तेव्हा हात लावायला मीच एकटी असायचे!

नव्या खोलीत एक भिंत कोरी ठेवलीय. तिथे तळ्याने नेलेल्या माणसांचे फोटो लागणार. मी खिडकी मोजत होते, मास्तर मागे घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या यजमानांचा एखादा फोटो मिळाला असता तर..."

बघते म्हटलं. एक माप चुकलं. पुन्हा घेतलं.

रात्री जेवताना भाऊजींना सांगितलं. घास तोंडाशी होता, तो परत ताटात ठेवला. "नको, वहिनी. फोटो द्यायचा नाही."

का, विचारलं तर उठून हात धुवायला गेले. ताट अर्धं तसंच. हा माणूस भाताचं शीतही टाकत नाही.

५ मार्च, बुधवार

कापड आणलं. गडद निळं. भाऊजी फोटोचा विषय काढला की घराखालच्या आपल्या वर्कशॉपमध्ये जातात आणि चांगलं चाललेलं इंजिन उघडून बसतात. अशी तीन इंजिनं उघडून पडलीत.

८ मार्च, शनिवार

चिऊ हॉस्टेलवरून आली. फोटोचं ऐकून एवढी खूश झाली की मलाच कसंतरी झालं. "आई, बाबांना कुठेतरी एक जागा तरी मिळेल." तिला बाप आठवत नाही. आठवणार कसा — दात यायचे होते तिला. तळ्याने माणूस तर परत दिलाच नाही, त्यामुळे जाऊन उभं राहायला एक दगडही नाही.

काकाचा नकार आहे म्हणताच गेली खाली भांडायला. काका म्हणजे तिचा जीव. सायकल त्यांनी शिकवली, ताप आला तर रात्रभर खुर्ची टाकून तेच बसायचे, पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी तिच्याआधी तेच रडले. आज पहिल्यांदा ती वर आली ती पाय आपटत.

"काका म्हणतात, मोठी झालीस की कळेल. आई, मी वीस वर्षांची आहे!"

पेटीतून फोटो काढला. हे नावेत बसून जाळं विणतायत. सुई डाव्या हातात. ह्यांच्या गाठी सगळ्या उलट्या बाजूला वळायच्या. बाकीचे चिडवायचे, काय रे, आरशात बघून विणतोस का? हे मान वर न करता म्हणायचे, माशाला फरक पडत नाही.

फोटो चिऊने उशाशी घेतला.

११ मार्च, मंगळवार

नीट लिहिते.

दांड्या कुठे ठोकायच्या ते दाखवायला गेले होते. कोऱ्या भिंतीच्या समोर काल एक जाळं टांगलंय. भलं मोठं, छतापासून खालपर्यंत. मास्तर कौतुकाने सांगत होते — पलीकडच्या काठावरून आलंय, पूर्ण हाताने विणलेलं आहे. मी हं हं करत होते. आणि माझ्या छातीच्या उंचीवर मला तो चुण्यांचा गोळा दिसला.

ते घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. नवं जाळं खिळ्याला अडकून फाटलं. हे दमून आडवे झाले होते. मी चिऊचं झबलं शिवत होते. म्हटलं, आपणच दुरुस्त करू, सकाळी बघतील तर खूश होतील. जाळं दुरुस्त करताना एकेक घर पुन्हा विणायचं असतं. मी शिंप्याची मुलगी! फाटलेल्या दोन्ही कडा धरल्या, ओढल्या, आणि झबल्यासाठी वळलेली लाल नाडी ओवून फ्रॉकसारख्या चुण्या घालून टाकल्या. टोकाला दोन गाठी, माझ्या सवयीने. लोक एक मारतात.

सकाळी हे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. "जाळं आहे गं, फ्रॉक नाही!" पण उसवलं नाही. तसंच नावेत टाकलं आणि दोघे भाऊ गेले.

संध्याकाळी भाऊजी एकटे आले. डोक्यापासून पायापर्यंत ओले. मीच ते कपडे पिळून वाळत घातले. वारा उठला, नाव उलटली, दादाचा पाय जाळ्यात अडकला, जाळ्यासकट खाली गेला. असं म्हणाले. आणि इतकी वर्षं तेच आणि तेवढंच म्हणत आले.

लाल रंग आता विटकरी झालाय. चुण्या त्याच. टोकाला दोन गाठी.

जाळं तळाला गेलं नव्हतं!

मग हे कुठे गेले?

१२ मार्च, बुधवार

जेवताना भाऊजींच्या हातांकडे बघत होते. मोठे आहेत हात.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभरात एक पडदा झाला, तोही उसवला. खालची घडी उलटी घातली होती.

मन नको तिथे जातं. दोघांचं वैर नव्हतं. की होतं? लग्न करा म्हणून मी किती मागे लागले, भाऊजींनी केलं नाही. लोक कुजबुजायचे, मी मनावर घेतलं नाही. आज सगळं पुन्हा आठवून बघतेय आणि प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू निघतेय. माझ्या दुकानाची फळी त्यांनी ठोकली. पहिलं मशीन खांद्यावर घालून वर त्यांनी आणलं. चांगुलपणा होता की परतफेड?

झोपताना आतून कडी लावली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. गंजली होती, करकरली. खाली खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. ऐकू गेलं असणार.

१४ मार्च, शुक्रवार

आज खडा टाकून बघितला. सकाळचा चहा देताना सहज बोलल्यासारखं म्हटलं, "भाऊजी, ते जाळं कधी कुणाला सापडलं असतं तर?"

"कुठलं जाळं?"

"ह्यांच्यासोबत गेलं ते."

कपातला चहा बशीत सांडला. "तळात गेलेलं कुठे सापडतंय," म्हणाले. माझ्याकडे न बघता. मग जरा वेळाने, "वहिनी, रात्री कडी लावलीत?"

"लावली."

"बरं केलंत," म्हणाले आणि चहा न पिता खाली गेले.

बरं केलंत! म्हणजे काय? मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते — ज्या माणसाच्या भरवशावर मी मुलगी वाढवली त्याची मला भीती वाटतेय. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं, नाडी ओळखली? हसतील. आणि चिऊला काय सांगू? फोटो उद्या मास्तरांकडे द्यायचा म्हणून तिचे तीन निरोप आलेत. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "आता तूसुद्धा?"

१७ मार्च, सोमवार

चिऊ या शनिवारी आलीच नाही. अभ्यास आहे म्हणे. रुसलीय.

भाऊजी जेवायला वर येत नाहीत. डबा खाली ठेवते, घासलेला परत येतो. जिन्यात समोर आले की भिंतीला टेकून मला वाट देतात. त्यांना कळलंय की मला काहीतरी कळलंय. काय कळलंय ते मात्र दोघांनाही माहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार

पडदे टांगले. मास्तर चहा आणायला गेले तेव्हा मी एकटीच होते. 'हात लावू नये' ही पाटी होती. लावला हात.

घाबरतच बघत होते, कुठे रक्ताचा डाग असेल, कुठे सुरीने कापलं असेल. तसलं काही नव्हतं. पण हे जाळं तेव्हा अगदी नवं होतं. त्याला एकच भोक होतं, मी शिवलेलं. आणि आता बघते तर जिकडेतिकडे दुरुस्त्या! इथे हातभर, तिथे वीतभर. खालचा सगळा काठ नव्याने विणलेला. त्यात निळा चकचकीत दोरा. दोऱ्यातलं मला कळतं, तेच माझं पोट आहे. हा दोरा माझ्या दुकानात येऊन चार-पाच वर्षंसुद्धा झाली नसतील, त्याआधी असला दोरा बाजारातच नव्हता.

एक गाठ नखाने उलटून बघितली. मग दुसरी. मग खाली बसून काठावरच्या सगळ्या.

सगळ्या उलट्या. सगळ्या डाव्या हाताच्या.

मास्तर चहा घेऊन आले. मी जमिनीवर बसलेली. "चक्कर आली का?" म्हणाले. हो म्हटलं. चहाही प्यायले. चांगला होता.

त्यांना विचारलं, जाळं दिलं कोणी? "एक मुलगी. कॉलेजात जाते. वडिलांना हातांच्या कंपाचा आजार आहे, आता नाव चालवत नाहीत. त्यांना न विचारता आणलंय म्हणाली, घरात नुसतं पडून होतं."

मुलगी. कॉलेजात जाते.

घरी कशी आले आठवत नाही. मेलेल्या माणसासाठी मी एवढी वर्षं रडले. वारा सुटला की अजून खिडक्या लावून घेते, पाण्यात पाय घालत नाही, मासा चिरताना आधी डोळे मिटून घेते — आणि तो तिकडे बसून जाळी दुरुस्त करत होता!

आणि भाऊजींना हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

१९ मार्च, बुधवार

सकाळी दुकान उघडलंच नाही. खाली गेले. भाऊजी वाकून इंजिनात होते. म्हटलं, "तुमचे दादा कसे आहेत?"

पाना खाली ठेवला. हात पुसले. बराच वेळ पुसले. "कोणी सांगितलं?"

"जाळ्याने."

मग बोलले. मला वाटलं होतं शब्द शब्द ओढून काढावा लागेल, पण बांध फुटल्यासारखं बोलले. त्या सकाळी मासे धरायला गेलेच नव्हते दोघे. पार पलीकडच्या, इकडचं कुणी फिरकत नाही अशा काठाला नाव लावून दादा म्हणाला, मी इथे उतरतो. मला ते घर, ते रडणं, ती रोजची चूल जमत नाही. तू जा. काय सांगायचं ते सांग. आधी भाऊजींना थट्टा वाटली. मग पाया पडले, मग मारलं, मारही खाल्ला. तो ऐकेना. नाव आणि जाळं त्याच्याकडेच राहिलं. भाऊजी दुसऱ्या कुणाच्या नावेने अलीकडे आले, काठाच्या आधीच पाण्यात उतरले आणि भिजून घरी आले.

"का?" मी ओरडले. आख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. "सोडून गेला असं सांगता येत नव्हतं?"

"तेच सांगणार होतो. सबंध रस्ता तेच घोकत आलो. दारात तुम्ही उभ्या होतात, पोर कडेवर. विचारलंत, 'हे मागून येतायत ना?' सोडून गेला म्हटलं असतं तर तुम्ही वाट बघत बसला असता, वहिनी. जन्मभर. बुडाला म्हटल्यावर निदान उठलात."

उठले हे खरं आहे. सहा महिन्यांत मशीनवर बसले होते.

पण माझं उठायचं की बसायचं ते ठरवणारे हे कोण! तेही म्हटलं. मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोटो देऊ नका एवढंच म्हणतो. त्या भिंतीपुढे खरोखर गेलेल्यांची माणसं येऊन उभी राहतील. माझं खोटं या घरापुरतं होतं. तिथे टांगू नका."

"आणि कडी लावली ते बरं केलंत म्हणालात?"

"तुम्ही घाबरलात ते दिसत होतं. कडीने झोप लागली असेल तर बरंच की."

मी त्यांना खुनी ठरवून मोकळी झाले होते. वर येऊन रडले. कशासाठी ते मला विचारू नये.

आजपासून 'हे' म्हणायचं नाही. तो. त्याला तेवढं पुरे.

२१ मार्च, शुक्रवार

मास्तर घाबरेघुबरे होऊन दुकानात आले. त्या मुलीचा फोन आला होता. जाळं घरात नाही हे बापाला कळलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. ते परत न्यायला रविवारी स्वतः येणार म्हणतो. उद्घाटनाच्या दिवशीच! "आता काय हो करू? चांगलं जाळं आहे. आणि ती मुलगी सांगत होती, त्या लाल दोरीला ते कुणाला हात लावू देत नाहीत. अख्खं जाळं बदललं, तेवढा तुकडा बदलू दिला नाही."

मी दोऱ्याचं टोक दाताने तोडत होते. ते तोंडातच राहिलं.

त्याला चूल जमत नव्हती, रडणं जमत नव्हतं. नाडी तेवढी जमली!

राग कमी व्हावा म्हणून शिवायला बसले. तीन झबली झाली. गिऱ्हाईक एकाही झबल्याला नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

चिऊ आली. सांगितलं. आडवळण न घेता, बसवून, सगळं. मधे एकदाच म्हणाली, "जिवंत?" मग फोटो उशाखालून काढून माझ्या हातात दिला आणि खाली गेली. मला वाटलं भांडायला. वाकून बघितलं तर वर्कशॉपच्या पायरीवर काकाला टेकून बसलेली. हवेत डिझेलचा वास होता.

रात्री तिघे एकत्र जेवलो. भाऊजींनी तिसऱ्यांदा भात घेतला. आमचं मिटलंय असं नाही. त्यांना मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, तसं सांगूनही टाकलं. "करू नका," म्हणाले, "पण आमटी वाढा."

संध्याकाळी पडद्यांची खालची शिवण बघायला म्हणून म्युझियममध्ये जाऊन आले होते. फोटो द्यायचा नाही असं मास्तरांना सांगितलं. ते खोलीबाहेर गेले. कात्री पिशवीत असतेच. दोन्ही गाठी कापल्या, नाडी हळूच ओढली. चुण्या सुटल्या आणि जाळं पसरलं. फाटलेलं भोक पहिल्यासारखं उघडं झालं.

नाडी घरी आणली. साबणाच्या पाण्यात घातली. नाडी माझी होती. आणि झबलं चिऊचं.

२३ मार्च, रविवार

गर्दी होती. तो जाळ्यासमोर खुर्चीवर बसला होता. पाठमोरा. केस पांढरे. त्याची बोटं थरथरत जाळ्यावरून फिरत होती, ती जागा शोधत. भोक सापडलं. बोटं त्यातून आरपार गेली आणि तिथेच राहिली.

आम्ही तिघे फोटोंच्या भिंतीपाशी उभे होतो. त्याची मुलगी आमच्याजवळ आली. गोड आहे. चिऊसारखंच कपाळ. हळू आवाजात, अगदी अदबीने तिने विचारलं, "काकू, तुमचं कुणी आहे का या भिंतीवर?"

माझा आवाज त्या खुर्चीपर्यंत जाईल एवढ्या बेताने मी म्हटलं, "नाही गं बाळा. आमच्या घरातलं कुणीच बुडालं नाही."